एकमताने दिलेलं विमान

कामिसावा कन्याशाळा, शिनानो
१२ मे १९३३

दादा,

आमचं विमान आमच्या हातून गेल्यावर कुठे जाईल, तिथे काय करील, आणि ते आम्हाला कळेल का? काल वर्गात एका मुलीनं मला हे विचारलं. मी "हो, कळेल" म्हणून मोकळी झाले. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नाही. तू नौदलात रोज विमानांची पोटं उघडून बसतोस, म्हणून तुला विचारते.

पण आधी बातमी. इथल्या प्रांतातल्या सगळ्या कन्याशाळा मिळून नौदलाला एक लढाऊ विमान भेट देणार आहेत. विमानाच्या अंगावर नाव असेल, 'शिनानो-कन्या'. तिसऱ्या वर्षाच्या मुली दर जूनमध्ये इसेच्या देवळाला आणि तिथून फुतामीला समुद्र बघायला जातात. यंदा ती सहल सोडून द्यायची आणि तो खर्च विमानाला द्यायचा, असं मी वर्गापुढे मांडलं. इथे चारही बाजूंनी डोंगर. माझ्या वर्गातल्या एकीनंही समुद्र पाहिलेला नाही. न पाहिलेल्या समुद्राच्या रक्षणासाठी मुलींनी समुद्र पाहणं सोडावं, यापेक्षा सुंदर त्याग कोणता? "ज्यांना पटतं त्यांनी हात वर करा," म्हटलं, आणि सगळा वर्ग हातांचा झाला.

एक हात सोडून. यानागिसावा सुगी म्हणून मुलगी आहे. तिला वडील नाहीत, आई रेशीमगिरणीत कोष उकळते. अभ्यासात चांगली, बोलायला कमी.

"सुगी, तुझा हात?"

"मला समुद्र बघायचाय, बाई."

वर्ग हसला. आमची वर्गप्रमुख मित्सु म्हणाली, "विमान बघेल की तुझ्या वाटचा!"

तेव्हा सुगीनं तो प्रश्न विचारला. "विमान आपलं असेल, तर ते कुठे गेलं, तिथे त्यानं काय केलं, ते आपल्याला कळेल का, बाई?"

मी उत्तर दिलं आणि तिला विचार करायला उभं केलं. शिक्षा म्हणून नव्हे. एकमत नसलेली भेट तडा गेलेल्या भांड्यासारखी असते, ती देवापुढे कशी ठेवायची? पुढच्या तासाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा सुगीनं हात वर केला. मी मुख्याध्यापकांना कळवलं: ठराव एकमताने मंजूर.

आईचं पत्र आलं होतं. बाबा अजून सगळ्या मिठागरात सांगत फिरतात म्हणे, "आमची फुसा पदवीधर आहे." त्यांना शोभेल असं काहीतरी माझ्या हातून होतंय, असं पहिल्यांदाच वाटलं.

तुझी,
फुसाए

~

ओमुरा नौदल हवाईतळ, क्यूशू
३० मे

मियाके घराण्यातल्या एकुलत्या एक पदवीधर बाईंस, मिठाच्या पोत्यांवर वाढलेल्या थोरल्या भावाचा साष्टांग नमस्कार. हे पत्र तुझ्याआधी वाचणाऱ्या साहेबांनाही नमस्कार.

फुसा, तुमचं विमान कोणतं असेल ते सांगतो, म्हणजे मुलींपुढे तुझी फजिती नको. जहाजावर असताना माझ्याकडे जुना 'तीन नमुना' होता. आता 'नव्वद नमुना' आलाय. एकावर एक दोन पंख, मध्ये खांब, आणि खांबांमध्ये ताणलेल्या तारा. बसायला जागा एकाच माणसाची. यातही तीन बहिणी आहेत. पहिलीच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना इंधनाच्या टाक्या फुगलेल्या, तिला आम्ही गालफुगी म्हणतो. दुसरीच्या बंदुका बाजूंवरून उचलून वर वैमानिकाच्या डोळ्यांसमोर आणल्या, ती भुवईवाली. तिसरीचा वरचा पंख दोन्ही टोकांना जरासा उचललेला, सारखी 'मला काय माहीत' म्हणत असल्यासारखी. ती खांदेउडवी. तुम्हाला बहुतेक भुवईवाली मिळेल.

पंखांवर कापड असतं आणि कापडावर एक रोगण. ते ओलं असताना पिकल्या केळ्यासारखा वास येतो. नवीन पोरं पहिल्या दिवशी खाऊ कुठे ठेवलाय ते शोधत हिंडतात.

देणगीची विमानं आली की आमच्यात त्यांना 'सूनबाई' म्हणतात. नाव मिरवत येतात, पुरोहित मंत्र म्हणतो, तांदळाचे मोची-गोळे वाटतात, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही हाताला तेल लावून त्यांना कामाला जुंपतो.

ती कुठे जाते, काय करते, हे कळेल का? सूनबाईला माहेरी पत्र लिहायची मुभा नाही, एवढंच सांगतो.

एक विचारू? त्या मुलीला किती वेळ उभी ठेवलीस?

तोकुजी

~

कामिसावा
२४ सप्टेंबर

दादा,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं. तासभर. आता त्याबद्दल बोलू नकोस.

काल नामकरण झालं! प्रांताच्या कवायतीच्या मैदानावर सगळ्या शाळा जमल्या होत्या. विमान तुझ्या म्हणण्याप्रमाणे भुवईवालीच निघालं. पांढऱ्या कपड्यातल्या पुरोहितानं फांदी हलवली, मोठ्या शाळेतल्या एका मुलीनं दोर ओढला, पडदा पडला, आणि अंगावरची अक्षरं दिसली. आमच्या मुली रडल्या. मीही रडले. बंदुकांच्या तोंडांवर लाल-पांढऱ्या कापडाची फुलं बांधली होती. मित्सु म्हणाली, "बाई, हिनं केसांत फुलं माळलीत." तू ठेवलेलं नाव मी त्यांना सांगितलंच होतं, त्यामुळे सगळ्या "भुवयांवर, भुवयांवर" करत हसायला लागल्या. मग वैमानिक चढला, विमान उडालं, डोक्यावरून एक वळसा घेतला आणि डोंगरापलीकडे गेलं.

सुगी मागच्या रांगेत होती. मुली तिच्याशी बोलत नाहीत. डबा खातानाही ती एकटीच असते. मी कोणाला तसं सांगितलेलं नाही, आणि मध्येही पडले नाही. समूहाबाहेर राहण्याची किंमत माणसाला एकदा कळावी लागते, असं मला वाटतं. ती शहाणी आहे. येईल वळणावर.

आता ऐक. अधिकाऱ्यांनी भाषणात सांगितलं की विमान ओमुराला जाणार. तुझ्याकडे! दादा, हा योग नाही तर काय? तू दर महिन्याला तिच्याबद्दल लिहायचंस, मी वर्गात वाचून दाखवीन. मी मुलींना तसं कबूल करून बसले आहे. आता त्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल: हो, कळेल.

फुसा

~

ओमुरा
२९ ऑक्टोबर

फुसा,

उशीर झाला. काम फार होतं.

तुमची सूनबाई पोचली. मुलींना सांग, ती छान उडते. परवा गोतो बेटांवरून गेली. खाली कोळ्यांच्या नावा होत्या. कोळ्यांनी डोक्याचे पंचे सोडून हलवले, आणि आमच्या वैमानिकानं पंख डावी-उजवीकडे कलते करून नमस्कार परत केला. वरून समुद्र इस्त्री केलेल्या निळ्या कापडासारखा दिसतो म्हणे.

एवढं पुरे. वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार.

तोकुजी

~

कामिसावा
१७ डिसेंबर

दादा,

तुझी दोन्ही पत्रं वाचून झाली. पहिलं तर मुलींनी तीनदा वाचायला लावलं. भिंतीवर क्यूशूचा नकाशा लावलाय. गोतोवर लाल टाचणी, आणि तू दुसऱ्या पत्रात लिहिलेल्या दीपस्तंभावर दुसरी. मित्सुनं वैमानिकासाठी लोकरीचा गळपट्टा विणायला घेतलाय. तू मात्र फार त्रोटक लिहितोस. तुझ्या थट्टा कुठे गेल्या? मी वाचताना मध्ये मध्ये माझं थोडं घालते. मुलींना कळत नाही.

मुख्याध्यापक किताहारा सर इतके खूश आहेत की आता दुसऱ्या विमानाची भाषा चाललीय. मुलींनी आठवड्यातून तीन दिवस डब्यात नुसता भात आणि आंबट आलुबुखार आणायचं, वाचलेलं विमानाला.

एक गोष्ट सांगायची राहिली. खरं म्हणजे सांगायची नव्हती, पण मनातून जात नाही. गेल्या आठवड्यात सुगीची आई शाळेत आली. गिरणीतून तशीच आली असावी. उकळत्या पाण्यात राहून हात पांढरेफटक, सुरकुतलेले. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर तिनं कमरेत वाकून माझी माफी मागितली. "पोरगी हेकट आहे, बाई. बापाशिवाय वाढली, माझंच चुकलं. तिला तुमच्यात घ्या." मी म्हटलं, "झालं ते झालं. यापुढे तिनं मिळून मिसळून राहावं." बाकीचे शिक्षक मान हलवत होते. ती परत परत वाकत मागे सरकत दारातून गेली.

मी तिची माफी स्वीकारली, दादा. तेव्हापासून विचार करतेय, तिनं केलं काय होतं?

त्याच दिवशी तुझं पत्र वाचल्यावर सुगीनं विचारलं, "पावसात त्याच्या पंखांचं कापड भिजतं का, बाई?" कोणी उत्तर दिलं नाही. मीही पुढचा धडा उघडला. तूच सांग, भिजतं का?

फुसा

~

४ जानेवारी १९३४

फुसा,

या पत्रात साहेबांना नमस्कार नाही. एक मित्र रजेवर घरी चाललाय, तो हे बाहेरच्या टपालात टाकील. वाचून जाळ.

कापड भिजत नाही. रोगणामुळे पाणी ओघळून जातं. तिला खरं उत्तर मिळायला हवं, म्हणून आधी ते लिहिलं.

आता दुसरं. तुमचं विमान आता नाही. येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. आडवा वारा होता, ते उतरलं, डावं चाक मोडलं आणि विमान पाठीवर पडलं. वैमानिक जिवंत आहे, पण त्याचा एक पाय गेला. चाक सकाळी मीच तपासलं होतं. सगळे म्हणतात वारा होता. चौकशीतही वाराच निघाला. पण मी तपासलं तेव्हा मन लावून तपासलं की रोजच्यासारखा हात फिरवला, ते माझं मलाच आठवत नाही.

मग नेहमी होतं तेच झालं. मोडलेल्या विमानाचे चांगले भाग दुसऱ्यांना लावतात. इंजिन एका भुवईवालीत गेलं, खालचा पंख एका खांदेउडवीला बसला. नाव लिहिलेला भाग फाटला होता. गोतोचे कोळी, पंचे, दीपस्तंभ, सगळं मी रचलं. वैमानिकाला बघून दवाखान्यातून परत आलो त्याच दिवशी तुझं पत्र माझ्या बिछान्यावर पडलेलं होतं. 'मुलींना कबूल करून बसलेय' असं तू लिहिलं होतंस. काय लिहिणार होतो?

आणखी एक सांगतो. ते तुझ्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. ते उलटं पडलेलं पाहून आधी तिकडे धावलो, आणि धावता धावता सुटल्यासारखं वाटलं. दोन वर्षांपूर्वी चीनच्या किनाऱ्यासमोर जहाजावर होतो. विमानं भरून पाठवायचो. परत यायची तेव्हा गोळ्यांचे पट्टे रिकामे असायचे. मी नवे पट्टे भरायचो. कुठे रिकामे झाले, कोणावर, मी एकदाही विचारलं नाही. विचारायचं नसतंच. शिनानोच्या मुलींचं नाव अंगावर घेऊन ते तिकडे जाणार नाही, एवढंच तेव्हा मनात आलं. एका माणसाचा पाय जात असताना मला हे सुचलं. लाज वाटते.

तुझ्या त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. कळत नाही. मला, जो त्याच्या पोटात हात घालतो त्यालाही, कळत नाही.

सोबत त्याच्या पंखाचं एक कापड आहे. फेकून द्यायच्या चिंध्यांत पडलं होतं. नाकाशी धरलंस तर अजून थोडं केळं येतं.

दादा

~

कामिसावा
१९ जानेवारी

दादा,

तुझं पत्र सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी सकाळी मिळालं. दारातच वाचलं आणि तशीच वर्गात गेले.

मुली ताटकळत होत्या. "नवीन वर्षाचं पत्र आलं का, बाई?" मित्सुनं फलाटावर हार घेऊन उभं राहावं तसा तो गळपट्टा हातात धरला होता. पाकीट माझ्या बाहीत होतं, त्याचा कोपरा त्यांना दिसला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी तुझं पत्र उघडलं, दादा, समोर धरलं आणि वाचायला लागले. त्यात नव्हतं ते. वर्षाच्या पहिल्या सूर्योदयाला आपलं विमान सगळ्यांत आधी उडालं. खाली अजून अंधार होता, पण वरच्या पंखावर ऊन पडलं होतं, आणि वैमानिकानं शिनानोच्या दिशेनं मान लववली. तुझ्यापेक्षा माझं जास्त छान जमलं. शब्द अडला नाही. मित्सु रडायला लागली. मी कागदाची घडी घातली, आणि आपल्याला हे इतकं सहज जमलं, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

सुगीची जागा रिकामी आहे. ती आता येत नाही. आईनं तिला नव्या वर्षापासून आपल्याबरोबर गिरणीत घातलं, असं कळलं. ती वर्गात असती तर मी वाचू शकले असते का, हे स्वतःला विचारते. बहुधा वाचलं असतं.

मी तुझ्यावर रागावणार होते. आता कोणत्या तोंडानं रागावू? तुला निदान चाकाचं कारण होतं.

पत्र जाळलं. कापड ठेवलंय.

फुसा

~

ओमुरा
२७ जानेवारी

फुसा,

मियाके घराण्यात खोटं बोलण्याची पदवीही तूच पहिली मिळवलीस. हसू आलं नाही ना? मलाही आलं नाही.

वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार.

ती मुलगी गिरणीत आहे हे तुला 'कळलं'. कोणाकडून कळलं? घर किती लांब आहे तिचं?

तोकुजी

~

साकाइदे, घरून
५ एप्रिल

दादा,

पत्ता बघून चमकला असशील. हो, घरी आले आहे. ओसरीवर बसून लिहितेय. समोर बाबा मिठागरात वाळू पसरतायत आणि माझ्याशी बोलत नाहीयेत. आईमार्फत बोलतात. "तिला विचार, चहा घेणार का." मी हाताच्या अंतरावर असते.

तुझं पत्र दोन महिने उत्तराविना राहिलं. घर किती लांब, असं विचारलं होतंस. शाळेच्या मागच्या ओढ्यापलीकडे. तेवढं अंतर जायला मला महिना लागला.

गेले तेव्हा रविवार होता. दार सुगीनंच उघडलं. हात तिच्या आईसारखे व्हायला लागलेत. आई धावपळ करून उशी घालायला लागली, "बाई, आधी कळवायचं तरी, घरात काही नाही." मी आत जाऊन दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. आई घाबरली. "उठा बाई, उठा! शेजारचे बघतील, त्यांना वाटेल आमच्या पोरीनं आणखी काही केलं!"

मी उठले नाही. म्हटलं, "तुम्ही माझी माफी मागायला आलात, तेव्हाच मी तुमची मागायला हवी होती."

तिनं उशी सरळ केली. मग म्हणाली, "चहा टाकते," आणि आत गेली. किती वेळ बाहेर आली नाही.

मी सुगीला विचारलं, "त्या दिवशी हात वर का केला नाहीस?"

ती जरा गोंधळली. म्हणाली, "तुम्ही विचारलंत ना, ज्यांना पटतं त्यांनी हात वर करा. मला पटत नव्हतं."

"आणि मग शेवटी केलास तो?"

"पाय दुखायला लागले होते, बाई."

दादा, मी वर्षभर त्या हाताला एकमत म्हणत होते.

मी तिला विमानाचं सगळं सांगितलं. तुझं नाव न घेता. कापड दाखवलं. तिनं त्यावर बोटानं चहाचा एक थेंब टाकला, तो ओघळून गेला. "भिजत नाही," ती म्हणाली. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि मुलींना सांगितलं. विमान मोडलं, केव्हाच मोडलं. दोन पत्रं खोटी होती, आणि नवीन वर्षाचं कोणी लिहिलंच नव्हतं, ते मी उभ्या उभ्या रचलं. कापड हातोहात फिरवलं. एकीनं वास घेतला, "केळं!" म्हणून हसली, आणि तशीच रडायला लागली. मित्सु ताठ उभी राहिली.

"म्हणजे वैमानिकानं आपल्या दिशेनं मान लववली ते..."

"ते माझं."

"मग मी गळपट्टा कोणाला विणत होते?"

मी म्हटलं, "वैमानिक आहे. दवाखान्यात आहे. त्याला पाठव." तिनं गळपट्ट्याची घडी घातली. मग म्हणाली, "बाई, सुगीशी बोलू नका असं तुम्ही कधी सांगितलं नव्हतं." मला वाटलं, ही पोर मला सावरून घेतेय. पण तिचं वाक्य संपलं नव्हतं. "बोला, असंही नव्हतं सांगितलं. आम्ही वाट बघत होतो."

 

आठवड्याभरात शिक्षकांची सभा झाली. दुसऱ्या विमानाचा ठराव. येत्या वर्षी पुन्हा सहल रद्द, आणि डब्याचा नियम सगळ्या वर्गांना. किताहारा सरांनी विचारलं, "सर्वांना मान्य?" हात वर गेले. माझे दोन्ही हात मांडीवर होते. सर हसून म्हणाले, "मियाके बाई विचारात आहेत. यांच्यामुळे तर सगळं सुरू झालं." सगळे हसले. हात वर धरून माझी वाट पाहत राहिले. माझ्या शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "फुसाएबाई, करा ना वर, किती वेळ ताटकळवाल? हात अवघडलेत." मला सुगी आठवली. तिला पाय होते दुखायला, मी तर बसलेली होते.

मी म्हटलं, "मला मान्य नाही, सर. आणि मागचा ठरावही एकमताने झाला नव्हता. एका मुलीला मान्य नव्हता. तिला मी उभं करून हात वर करायला लावला. खोटं मी कळवलं होतं."

सर माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुमची प्रकृती बरी दिसत नाही, बाई," असं अगदी मायेनं म्हणाले, आणि राजीनाम्यात प्रकृतीचंच कारण लिहा, असं सुचवलं. मी राजीनामा लिहिला. कारण लिहिलं नाही. दुसऱ्या विमानाचा ठराव माझ्याशिवाय मंजूर झाला, एकमताने. मी धीटपणा केला असं तुला वाटेल, म्हणून हे सांगून ठेवते. काहीही थांबलं नाही. आणि मला अजून लाज वाटते. त्या सभेची नाही. एका मुलीला मी उभं केलं आणि माझी मान ताठ होती, त्या तासाची.

शिनानो सोडायच्या आधी पुन्हा त्या घरी गेले. सुगीला शिकायला माझ्या घरी नेऊ का, असं तिच्या आईला विचारलं. ती बराच वेळ हातावर हात चोळत बसली. मग म्हणाली, "न्या. इथे तिच्याशी बोलायला कोणी नाही. पण बाई, विमानासाठी नको हं." मी म्हटलं, नाही, विमानासाठी नाही.

सुगी इथे आहे, दादा. माझ्या जुन्या खोलीत. परवा उतरल्या उतरल्या आम्ही धक्क्यावर गेलो. आपला समुद्र तुला माहीतच आहे, बेटांमध्ये पसरून पडलेला. ती उभी राहिली, बघितलं, आणि म्हणाली, "वाटलं होतं खूप आवाज करत असेल. हा तर गप्पच आहे."

बाबा मागून मिठाची पाटी घेऊन आले होते. ते तिला म्हणाले, "पाहुण्यांसमोर गप्प बसतो. राहा चार दिवस, मग ऐकशील." मग आईला म्हणाले, मला ऐकू येईल अशा बेतानं, "एकीला शिकवलं ती नोकरी सोडून आली. आता ही दुसरी. मिठागर विकायला काढा."

पण आज सकाळी त्यांनीच सुगीसाठी कोरड्या सपाता काढून दिल्या, आणि शाळेच्या रस्त्याला लागेपर्यंत आमच्याबरोबर चालले. मी पुढे, ती मध्ये, ते मागे, कोणी कोणाशी न बोलता. इथल्या कन्याशाळेच्या चौथ्या वर्गात मी तिचं नाव घातलं. पालक म्हणून माझं लिहिलं.

फुसा